सूनबाईंचा जीवाश्माचा पाठ

सावदा, १३ ऑक्टोबर १९६८

पिकावरच्या औषधाच्या कंपनीचा माणूस ही डायरी देऊन गेला. कीड मारायचं औषध दुकानात ठेवा म्हणत होता. मी म्हणालो, बाबा रे, आम्ही पाणीसुद्धा गाळून पितो आणि तू आम्हाला कीड मारायला सांगतोस! औषध परत पाठवलं, डायरी ठेवून घेतली. वर्ष संपत आलं म्हणून उरलेल्या वाटत फिरतोय लबाड. पण कोरा कागद पाहिला की मला राहवत नाही. घरात आम्ही मारवाडी बोलतो, दुकानात गिऱ्हाइकाची भाषा, पण शाळा शिकलो ती मराठी, सातवीपर्यंत. म्हणून लिहायचं ते मराठीत.

काल सूनबाई धुळ्याहून दिवाळीच्या सुट्टीला आली. राजकुंवर. तिथल्या अध्यापिका विद्यालयात तिचं हे शेवटचं वर्ष आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं जळगावला दीक्षा घेतली. आता तो साधू आहे, जुनं नाव घ्यायचं नसतं. दर्शनाला गेलो की मी त्याला वंदना करतो आणि तो मला ‘दया पालो’ असा आशीर्वाद देतो. मला त्याचं दुःख नाही, असं पोटी यायला भाग्य लागतं. दीक्षेला बायकोची संमती लागते, ती राजकुंवरनं दिली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मंडपात हजार माणसं मुलाचा जयजयकार करत होती, तिला कोणी काही विचारलं नाही. तिनं सासूजवळ, आमच्या गुलाबबाईजवळ, एकच मागितलं, मला मास्तरीण होऊ द्या. मॅट्रिक होऊनच आली होती. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही, तोंडही दाखवत नाही. लग्नाला सहा वर्षं होत आली. मी तिची चाहूल ओळखतो, तिच्या हातचे फुलके ओळखतो, बाकी काही नाही. रीत चांगली आहे, घरात शांतता राहते.

१५ ऑक्टोबर

आज एक काम केलं, गुलाबबाईला सांगणार नाही. सूनबाईची शास्त्राची वही फडताळात दिसली, ती दुपारी चाळली. घरचा कर्ता आहे, पोरीला काय शिकवतात ते पाहायला नको?

वहीत सगळ्या जीवांची वर्गवारी आहे. कण्याचे, बिनकण्याचे, अंडी घालणारे, दूध पाजणारे. हसू आलं. ही वर्गवारी मला माझ्या आईनं सातव्या वर्षीच शिकवली होती, आणि किती सोपी! झाड-माती-पाणी एकेंद्रिय. गांडूळ, शिंपला बेइंद्रिय. मुंगी, ढेकूण तेइंद्रिय. माशी, विंचू चौरिंद्रिय. मासा, पक्षी, जनावर, माणूस पंचेंद्रिय. इंद्रियं मोजा आणि खुशाल वर्ग लावा, त्याला कणा कशाला फोडून बघायला हवा?

समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलं, ‘इंद्रियांवरून वर्ग का पाडला नाही?’ आणि वही होती तशी ठेवली.

१७ ऑक्टोबर

योगायोग बघा. आज वही पुन्हा उघडली तर सूनबाईनं नवीनच पान लिहिलं होतं. ‘इंद्रियांवरून पाडलेले वर्गही बरोबरच आहेत. जीवाला किती वेदना होतात हे त्यावरून कळतं, म्हणून कोणाला किती जपायचं तेही कळतं. इथे प्रश्न वेगळा आहे, कोण कोणाचा नातलग.’ माझा प्रश्न तिला दिसला नसावा, अगदी फिकट होता. अभ्यास करता करता तिला आपोआपच सुचलं असणार. हुशार आहे.

मी खाली लिहिलं, ‘नातं कसं ओळखायचं?’

वही आज फडताळात नव्हती, माझ्या चष्म्याच्या घराशेजारी होती. वस्तू जागेवर ठेवायची नाही हा गुलाबबाईचा जुना दोष.

१९ ऑक्टोबर

वहीत चार चित्रं आली आहेत. माणसाचा हात, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचं वल्हं. चारही ठिकाणी हाडं त्याच क्रमानं. दंडाचं एक, पुढची दोन, मनगटाची बारीक बारीक, मग बोटं. घोडा एकाच बोटावर उभा असतो म्हणे! खाली लिहिलंय, ‘एका घराण्यातली माणसं वेगवेगळ्या गावी जाऊन वेगळा धंदा करतात, पण नाकाची ठेवण सांगते की मूळ गाव एक. तसंच हे. फार जुन्या काळी या सगळ्यांचा एक पूर्वज होता.’

हे मला पटकन कळलं. आमचेच पूर्वज मारवाडातून उंटावरून आले. कोणी रावेरला राहिले, कोणी पहूरला, आम्ही सावद्याला, आणि नाक सगळ्यांचं एकच.

दुकानात बसून स्वतःचा हात दाबून दाबून हाडं मोजली. सुपडूनं विचारलं, “शेठ, हात दुखून राह्यला का?” हा सुपडू तापीकाठचा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. त्याला सगळं समजावलं आणि सांगितलं की नदीच्या दरडीत दगड झालेली हाडं सापडतात असं आमच्या सूनबाईच्या वहीत लिहिलंय, दिसलं तर आण.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. सुपडू पोत्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

“तुमी गोटा झालेलं हाड म्हनत होते ना शेठ, हे पाहा. दरडीतून निघालं. मले पह्यले वाटलं पाटा हाये. माय म्हने घरात ठेवू नको, ज्यानं मांगलं त्याले दे.”

वीतभरापेक्षा लांब, अडीच किलो भरलं. वरच्या बाजूला आडवे कंगोरे आहेत, टाकी दिलेल्या जात्यासारखे. वहीत असंच चित्र होतं, हत्तीचा दात! एवढा दात म्हणजे हत्ती केवढा असेल!

घरात नेला आणि भडका उडाला. गुलाबबाई म्हणाली, “हाड? माझ्या घरात हाड?” मी म्हणालो, दगड आहे, वाजवून बघ. ती म्हणाली, मग दात कशाला म्हणता? मी म्हणालो, पूर्वी दात होता. ती म्हणाली, “पूर्वी होता तर आत्ता सुतक आहे.” असं तासभर चाललं. शेवटी सूनबाईला विचारायचं ठरलं, म्हणजे गुलाबबाईनं आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, “ती म्हणते, दोन्ही आहे. आकार दाताचा, द्रव्य दगडाचं.” सुनेनं बाजू घेतली नाही कोणाचीच! दात आता ओट्यावर वजनांच्या फळीवर आहे, घरात नाही नि बाहेरही नाही.

वहीत मी लिहिलं, ‘जिवंतपणी पंचेंद्रिय, आता दगड, म्हणजे पृथ्वीकाय एकेंद्रिय. म्हणजे हा पाचावरून एकावर घसरला का?’

२९ ऑक्टोबर

उत्तर आलं. म्हणजे तिनं आपल्या अभ्यासासाठी लिहिलेलं मला वाचायला मिळालं. ‘घसरला कोणीच नाही. जीव तेव्हाच निघून गेला, पुढच्या गावी. जाताना आकार ठेवून गेला. त्या आकारात हळूहळू दगड भरला, म्हणून आज आपल्याला कळतं की इथे कोणी राहत होतं.’

तीनदा वाचलं. का कोण जाणे, दिवसभर दुकानात लक्ष लागलं नाही. मुलाची खोली गुलाबबाई अजून रोज झाडते, त्यावरून मी तिला बोलत असे. आज बोललो नाही.

११ नोव्हेंबर

सूनबाई धुळ्याला गेली. वहीही गेली. चष्म्याशेजारी नुसताच चष्मा.

६ डिसेंबर

विद्यालयाच्या मुख्य बाईंचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘राजकुंवर यांची विषयाची तयारी वर्गात सर्वांत चांगली आहे. परंतु सराव पाठात त्यांचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. वर्गात वडीलधारे पुरुष निरीक्षक बसले की तो पूर्ण बंद होतो, मान खाली जाते आणि हात डोक्यावरचा पदर ओढू लागतो. फेब्रुवारीत अंतिम पाठाला बाहेरगावचे परीक्षक येतील. त्यांच्यापुढे असे झाल्यास आम्हाला त्यांना उत्तीर्ण करता येणार नाही. घरून काही साहाय्य झाल्यास पाहावे.’

आधी राग आला. आवाज नाही म्हणजे काय? आमच्या घरची सून, तिचा आवाज कसा आहे हे ह्या बाई मला सांगणार? तोंडावर चार शब्द फेकावेत म्हणून उत्तर लिहायला घेतलं, ‘माझ्या सुनेचा आवाज’ एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. कसा आहे तिचा आवाज? मी तो कधी ऐकलाच नाही.

मग राग कोणावर काढणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. सहा वर्षं मी तिला गप्प बसायला शिकवलं आणि ती ते उत्तम शिकली. दर संवत्सरीला मी चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची हात जोडून क्षमा मागतो. त्यात मुंगी येते, शेवाळ येतं. सून आली नाही.

नापास झाली तर काय? जन्मभर आमच्या चुलीपाशी. ज्या एका गोष्टीवर तिनं मुलाला मोकळं केलं, तीच आम्ही तिला दिली नाही असं होईल.

उत्तरात एवढंच लिहिलं, ‘आपले उपकार आहेत. संक्रांतीला पाठवून द्यावे.’

१२ जानेवारी १९६९

चार दिवसांसाठी आली. जेवताना मी गुलाबबाईला मोठ्यानं सांगितलं, म्हणजे आत ऐकू जावं, “सूनबाईला सांग, उद्या सकाळी तिचा पाठ मला म्हणून दाखवायचा.”

गुलाबबाईच्या हातातला फुलका तव्यावर करपला. “तुम्हाला? तोंडानं? लोक काय म्हणतील?”

“लोकांना बोलावलंय कोणी?”

“आणि घूंघट?”

“घूंघट राहू दे. दाराआड राहू दे. फक्त आवाज बाहेर येऊ दे.” यापेक्षा जास्त सवलत कोणत्या सासऱ्यानं दिली असेल?

१३ जानेवारी

तासभर बसलो. मी दाराच्या या बाजूला पाटावर, ती त्या बाजूला. बांगड्या वाजल्या, वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, पण शब्द नाही. मी म्हणालो, “हं.” पुन्हा म्हणालो, “हं, होऊ द्या.” काही नाही. शेवटी उठलो.

ती आत रडत होती असं गुलाबबाई म्हणाली. मला ऐकू आलं नव्हतं. तिचं रडणंही मला सहा वर्षांत ऐकू आलेलं नाही.

१४ जानेवारी

आज मी युक्ती बदलली. म्हटलं, बिचारीला पाठ कसा म्हणायचा तेच कोणी दाखवलं नसेल. गुलाबबाईकडून वही मागवली आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागलो. चांगलं जमत होतं. एका ठिकाणी तिच्याकडून चूक झाली होती, वटवाघूळ जनावरांत पडलं होतं. मी वाचता वाचता सुधारून घेतलं. “पक्षी. मोर, कबूतर, वटवाघूळ.”

दाराआडून शब्द आला, “नाही.”

मला वाटलं गुलाबबाई बोलली. पण ती माझ्या समोर तिळगूळ वळत बसली होती आणि तिचे हात थांबले होते.

“वटवाघूळ पक्षी नाही,” आवाज म्हणाला. जरा घोगरा आहे, मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड.

“उडतं की!” मी म्हणालो.

“उडतं. पण अंगावर पिसं नाहीत, केस आहेत. पिलाला दूध पाजतं. त्याच्या पंखात आपल्यासारखी बोटं आहेत.”

“केळीच्या बागांत मी हजारदा पाहिलंय त्याला.”

“लांबून पाहिलंय, बाबासा.”

गुलाबबाई तोंडाला पदर लावून हसत होती. ही बाई माझ्यावर हसते ते मला चालतं, पण एवढं? मी मुद्दाम म्हणालो, “बरं, मग देवमासा तरी मासा आहे की तोही तुमच्या गोठ्यात बांधलाय?”

“तोही नाही,” आणि मग बांध फुटला. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, तिथपासून ती सुरू झाली. दगड कसे थरावर थर बसतात, खालचा थर जुना, वरचा नवा. खालच्या थरात साधे जीव, वर येऊ तसतसे नवे. मध्येच मला म्हणाली, “कळलं का?” मग स्वतःच घाबरून थांबली. मी म्हणालो, “नाही कळलं, पुन्हा सांगा.” कळलं होतं. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

सहा वर्षांत सुनेनं माझ्याशी बोललेला पहिला शब्द ‘नाही’. देवाची दया, दुसरा कोणता असता तर माझ्या लक्षात राहिला नसता.

१५ जानेवारी

आज दात दाराआड सरकवला आणि तिनं त्यावर पाठ घेतला. मी तीनदा चुकलो. एकदा म्हणाली, “असं नाही हो बाबासा, नीट ऐका.” शेजारचे भंवरलालजी ओट्यावर आले होते, त्यांनी विचारलं, आत कोण बोलतंय? मी म्हणालो, मास्तरीण आलीय. खोटं बोललो नाही.

दात पाठाला लागेल म्हणाली. बसमध्ये तिला एकटीला जड होईल, मी परीक्षेच्या दिवशी घेऊन येईन असं सांगितलं. थेट सांगितलं, गुलाबबाईमार्फत नाही.

धुळे, २४ फेब्रुवारी

धर्मशाळेत बसून लिहितोय. सूर्य मावळायला अवकाश आहे, तेवढ्यात लिहून होईल.

पहाटेच्या गाडीनं निघालो. मांडीवर पोतं, पोत्यात दात. कंडक्टरनं विचारलं काय आहे, मी म्हणालो शाळेचं सामान. विद्यालयाच्या फाटकाशी वसतिगृहाचं काम पाहणारी द्रौपदाबाई उभी होती, ती दात घेऊन आत गेली. मी वर्गात बसायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. आपण समोर दिसलो आणि पुन्हा वाचा बसली तर काय घ्या! बाहेर लिंबाखाली ओट्यावर बसलो. खिडक्या उघड्या होत्या. परीक्षक आत जाताना दिसले. साठीचे, पांढऱ्या मिशा, हातात काठी. माझ्याच वयाचे. एवढी भीती मला मुलाच्या दीक्षेच्या दिवशीही वाटली नव्हती, म्हणजे तेव्हा वाटली तशीच वाटली.

घंटा झाली. काही ऐकू येईना. मी नवकार मंत्र म्हणायला लागलो. तीनदा झाला तरी काही नाही. मग मिशीवाल्यांचा खोकला ऐकू आला, आणि त्यानंतर तिचा आवाज.

“मुलींनो, हे काय आहे, हात लावून सांगा.”

रस्त्यापर्यंत येत होता. एक टांगेवाला जाता जाता वळून पाहत होता. मुली ओरडत होत्या, दगड, दगड! एक म्हणाली, बाई, दात! आणि राजकुंवर म्हणाली, “दोघी बरोबर.” मला सगळं पाठ होतं. थर आले, घोड्याचं बोट आलं, मी ओट्यावर बसून तिच्याबरोबर ओठ हलवत होतो. वटवाघूळ आलं तेव्हा तर एका मुलीनं तिला माझंच उत्तर दिलं. मला फार बरं वाटलं.

पाठ संपला. द्रौपदाबाई धावतच आली. “आबा, तुमनी सून काय बोलनी! बठ्ठा वर्ग गुंग व्हई गया. आते काळजी नका करा.” मग मुख्य बाई आल्या आणि म्हणाल्या, परीक्षक म्हणतात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं, यांना वरची श्रेणी देतोय. मी हात जोडले. पत्र तुम्ही लिहिलंत म्हणून, असं काहीतरी म्हणालो.

त्या गेल्यावर इमारतीतून पंधरावीस बायका बाहेर आल्या. सगळ्यांना सारखंच पांढरं लुगडं, निळा काठ. गुलाबबाईनं दिलेला लाडवांचा डबा माझ्या हातात होता. एक उंचशी, सावळी, चष्मा लावलेली बाई माझ्याच दिशेनं येत होती. शिक्षिका असावी. मी उभा राहून म्हणालो, “बाई, जरा सावद्याच्या राजकुंवरला बोलावता का? मी तिचा सासरा.”

ती थांबली. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो, “राजकुंवर. आत्ता पाठ झाला तिचा.”

“बाबासा,” ती म्हणाली, “मीच.”

आवाज ओळखला. चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तिचा हात पदराकडे गेला. मी म्हणालो, “राहू दे.” तिनं हात खाली घेतला.

किती बोलायचं होतं! तू माझ्या मुलाला मोकळं केलंस, मला या वयात शिकवलंस, माझ्या घराची लाज राखलीस, आणि मी तुला रस्त्यावर ओळखलं नाही. यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. तोंडातून आलं ते भलतंच.

“चष्मा कधी लागला?”

“चार वर्षं झाली, बाबासा. दीक्षेच्या आदल्या वर्षी. भुसावळला नेऊन डोळे तपासून आणले होते.”

कोणी नेलं होतं, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जुनं नाव घ्यायचं नसतं. चार वर्षं माझ्याच घरात, माझ्यासमोरून, घूंघटाखाली चष्मा. मी डबा तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे बघत उभा राहिलो. तीही खाली न बघता उभी राहिली.